कानातला पहिला सव्वा मिलिमीटर

‘तुमच्या कानांचं वय किती?’ असा एक व्हिडिओ अधूनमधून फॅमिली ग्रुपवर फिरून येतो. एक बारीक शिटी हळूहळू चढत जाते आणि पडद्यावर हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला किती कंपनं याचे, आकडे पळतात (हजार हर्ट्झ म्हणजे एक किलोहर्ट्झ). १२,००० ऐकू आलं तर तुम्ही पन्नाशीच्या आत, १५,००० आलं तर चाळिशीच्या आत, १७,००० आलं तर विशीतले. मग कुणीतरी काका ‘मला १९,०००पर्यंत आलं’ असं जाहीर करतात, टाळ्यांचे इमोजी पडतात आणि एखादी भाची विचारते, हे खरं असतं का?

व्हिडिओवर विश्वास ठेवू नका, त्यामागच्या विज्ञानावर ठेवा. असा आवाज मोबाइलवर पोचेपर्यंत दाबून लहान केलेला असतो. हे काम करणारे कोडेक जागा वाचवण्यासाठी सगळ्यात आधी वरच्या पट्टीवर कात्री चालवतात. बरेचदा १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचं सगळं छाटलेलं असतं. उरलंसुरलं काम मोबाइलचा चिमुकला स्पीकर करतो. फार उंच स्वर वाजवताना तो मूळ आवाजात नसलेले खालचे स्वर आपल्या पदरचे मिसळतो. काकांना १९,०००ला जे ऐकू आलं ते बहुधा हेच.

पण लहान मुलांना खरोखरच असे आवाज ऐकू येतात जे मोठ्यांना येत नाहीत. डब्याच्या टीव्हीच्या जमान्यात हा प्रयोग घरोघरी आपोआप व्हायचा. दूरदर्शनचं चित्र ६२५ ओळींचं आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, म्हणजे पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला १५,६२५ वेळा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळायचा. त्या पळण्याच्या तालाला जोडलेला, मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणायचे तो ट्रान्सफॉर्मर त्याच वारंवारतेने थरथरायचा. त्यामुळे आवाज पूर्ण बंद करून कुणी टीव्ही लावला तरी पलीकडच्या खोलीतल्या पोरांना कळायचं आणि आजोबांना ते कधीच पटायचं नाही.

याच फरकावर वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ मध्ये एक यंत्र बनवलं. दुकानांबाहेर घोळका करून उभ्या राहणाऱ्या तरुण पोरांना हुसकायचं, पण गिऱ्हाइकांना त्रास होऊ द्यायचा नाही. म्हणून १७.४ किलोहर्ट्झचा कर्कश आवाज सोडणारी ही पेटी. नाव ठेवलं ‘मॉस्किटो’. बॅरी नावाच्या गावातल्या एका दुकानाबाहेर ती आधी लावून पाहिली गेली. पुढच्याच वर्षी स्टेपलटन यांना शांततेसाठीचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला दिलं जाणारं गमतीदार पारितोषिक, मिळालं. तोवर पोरांनी तोच स्वर मोबाइलची रिंगटोन म्हणून वापरायला सुरुवातही केली होती. वर्गात फोन वाजतो, अर्धा वर्ग खुदखुदतो आणि बाई फळ्यावर लिहीतच राहतात! यंत्राबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. तान्ह्या बाळालाही तो आवाज ऐकू येतो, ते तक्रार करू शकत नाही आणि त्याच्या आईला ते का रडतंय हे कळत नाही. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने २०१० मध्ये या यंत्रांवर बंदीची शिफारस केली, ती योग्यच होती.

ही गोष्ट तशी जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६च्या सुमारास फार उंच स्वर काढणारी एक शिटी तयार केली. ती काठीच्या टोकाला बसवून, मुठीखालचा रबरी भाग दाबून ते प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्यांपुढे वाजवत फिरत. मांजरांचे कान सगळ्यात तल्लख, हा त्यांचा निष्कर्ष. माणसांवर प्रयोग करताना वय वाढेल तशी उंच स्वर ऐकण्याची ताकद घसरते हे त्यांनी नोंदवलं आणि बुजुर्गांना ते ऐकून कसं वाईट वाटतं याची गंमतही लिहून ठेवली. युजेनिक्स, म्हणजे निवडक माणसांचीच पैदास करून वंश ‘सुधारण्याची’ कल्पना, हा शब्द याच गृहस्थांनी रूढ केला, म्हणजे चांगलं निरीक्षण आणि भयंकर विचार एकाच डोक्यात सुखाने नांदू शकतात.

आता घसरण म्हणजे किती? तरुण माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. मध्यमवयीन माणसाला १०,०००च्या वरचं ऐकू येईनासं झालं तर निम्मं ऐकणं गेलं असं वाटेल. पण कान बेरजेने मोजत नाही, पटीने मोजतो. सप्तक म्हणजे वारंवारतेची दुप्पट. २० पासून २०,००० पर्यंत जवळपास दहा सप्तकं होतात आणि १०,००० ते २०,००० हे त्यातलं फक्त एक. पियानोची शेवटची पट्टीसुद्धा ४,१८६ हर्ट्झला संपते. त्यामुळे हे शेवटचं सप्तक गेल्याचं कुणाला कळतच नाही.

ते सप्तक कानात नेमकं कुठे असतं, हे बघण्यासारखं आहे. कर्णपटल आणि तीन चिमुकली हाडं ओलांडून आवाज आतल्या कानात पोचतो, तिथे गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेढे घेतलेला भाग आहे, कॉक्लिया. त्याच्या आत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा ताणलेला असतो. आवाज जिथून आत येतो त्या टोकाला, म्हणजे दाराशी, हा पडदा अरुंद आणि ताठ, तर आतल्या टोकाला रुंद आणि सैल असतो. ताठ भाग उंच स्वरांना थरथरतो, सैल भाग खर्जाला. हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं आणि त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. या नकाशावर मोजायचं तर १० ते २० किलोहर्ट्झचं सप्तक दाराजवळच्या पाचेक मिलिमीटरमध्ये बसतं आणि मॉस्किटोचे १७.४ किलोहर्ट्झ दारापासून जेमतेम सव्वा मिलिमीटरवर. पोरांचा सगळा वरचढपणा एवढ्याशा पट्टीतला.

पडद्यावर केशपेशींच्या, म्हणजे टोकाला केसांसारखे तंतू असलेल्या आणि कंपनं टिपणाऱ्या पेशींच्या, रांगा असतात. आंतर केशपेशींची एक रांग, एका कानात सुमारे साडेतीन हजार पेशी. बाह्य केशपेशींच्या तीन रांगा, सुमारे बारा हजार पेशी. मेंदूकडे जाणाऱ्या जवळपास सगळ्या चेता आंतर केशपेशींपासून निघतात. मग तिपटीहून जास्त असलेल्या बाह्य पेशी करतात काय? मला कानातलं सगळ्यात आवडणारं प्रकरण हे आहे.

बेकेशींच्या मापांमध्ये एक अडचण होती. मेलेल्या कानातला पडदा फार ढोबळपणे थरथरतो. गायकाला दोन श्रुतींमधला फरक कळतो तो अशा पडद्यावर कळणंच शक्य नाही. शिवाय आतला भाग द्रवाने भरलेला, त्यात कुठलंही कंपन क्षणात विझायला हवं. १९४८ मध्ये टॉमस गोल्ड यांनी म्हटलं की कान नुसता ऐकत नसणार, त्यात बाहेरून शक्ती ओतणारा अ‍ॅम्प्लिफायर असणार. आणि तसं असेल तर कधी कधी कान स्वतःच आवाज करेल. हे गोल्ड खगोलशास्त्रज्ञ. त्याच वर्षी त्यांनी हर्मन बाँडींच्या साथीने स्थिरस्थिती विश्वाचा, म्हणजे विश्व कायम सारखंच दिसतं असं सांगणारा, सिद्धान्त मांडला. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनीही तोच सिद्धान्त तेव्हा आपल्या परीने मांडला होता. विश्वाबद्दल गोल्ड यांचं चुकलं, कानाबद्दल बरोबर निघालं. पण जीवशास्त्रज्ञांनी तीस वर्षं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

१९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी कानात बारीक मायक्रोफोन ठेवून एक ‘टिक्’ आवाज सोडला. काही मिलिसेकंदांनी कानातून उत्तर आलं. कान खरंच आवाज करत होता. आज बाळ जन्मल्यावर त्याच्या कानात बुचासारखं छोटं उपकरण ठेवून जी तपासणी करतात, ती याच प्रतिसादावर चालते.

१९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल यांनी बाह्य केशपेशी बाहेर काढून तिला विद्युतदाब दिला, तर ती आखूड-लांब व्हायला लागली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जोनाथन अ‍ॅशमोर यांनी अशाच एका पेशीला तारेतून रॉक अँड रोल पाठवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती ठेक्यावर नाचताना चित्रित केली. २००० मध्ये यामागचं प्रथिन सापडलं, प्रेस्टिन. पेशीच्या भिंतीत ते खच्चून भरलेलं असतं आणि दाब बदलला की आकार बदलतं. झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या क्षणी हलका धक्का दिला की झोका वाढत जातो, तसं बाह्य पेशी पडद्याला त्याच्या थरथरीच्या तालावर धक्के देतात. त्यामुळे बारीक आवाज ४० ते ६० डेसिबलनी मोठा होतो आणि तोही त्याच जागी, शेजारी नाही. श्रुतींमधला फरक कळतो तो यामुळे.

इथे एक कोडं आहे. १७.४ किलोहर्ट्झला ताल धरायचा तर पेशीने एका सेकंदात १७,४०० वेळा आखडायला हवं. प्रेस्टिनला ते जमतं. पण पेशीची भिंत विद्युतदृष्ट्या धारित्रासारखी (कपॅसिटरसारखी) वागते, त्यामुळे इतक्या वेगाने बदलणारा दाब तिच्यावर फार क्षीण होऊन पोचायला हवा. मग उंच स्वरांना धक्का लागतो कसा? पेशीची मूळची गळती जास्त असल्यामुळे काळस्थिरांक लहान होतो असं एक उत्तर आहे, आणि पेशी दर आवर्तनाला नव्हे तर सरासरीला प्रतिसाद देते असं दुसरं. संशोधक अजून भांडत आहेत. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या, पुढचं अडणार नाही.

तर वयाबरोबर मरतात त्या मुख्यतः याच बाह्य पेशी, आणि सुरुवात दाराकडून होते. विशीतच. दाराकडूनच का? प्रत्येक आवाजाची लाट आधी तिथून जाते म्हणून तो भाग झिजतो, असं सोपं उत्तर बरेचदा वाचायला मिळतं. ते मला अपुरं वाटतं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून कान बिघडतो तेव्हा पहिला खड्डा ४ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, टोकाला नाही. कानाची नळी त्याच्या थोडं खालचे स्वर मोठे करते म्हणून. दुसरा पुरावा जास्त बोलका आहे. उंदरांसारख्या प्राण्यांच्या केशपेशी काचेच्या बशीत ठेवल्या, कुठलाही आवाज नाही, तरी दाराकडच्या पेशी आधी मेल्या. विषारी मुक्त मूलकांना (फ्री रॅडिकल्सना) तोंड देणारं ग्लुटाथायोन त्यांच्यात कमी असतं. गोंगाट नसता तर म्हातारपणीही कान टिकले असते का? १९६२ मध्ये सॅम्युअल रोझेन यांनी तेव्हाच्या सुदानमधल्या शांत मुलखातल्या माबान लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या म्हाताऱ्यांचे कान अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांपेक्षा बरेच चांगले होते. म्हणजे गोंगाटाचा वाटा मोठा, पण वय म्हणूनही काही असतंच.

पक्ष्यांच्या केशपेशी मेल्या तर नव्या उगवतात, हे १९८०च्या दशकात कळलं. सस्तन प्राण्यांना ते जमत नाही. त्यामुळे कानात तेल घालून, मेणबत्ती लावून किंवा जाहिरातीतले थेंब टाकून ‘गेलेलं ऐकू येणं परत’ आणण्याचे दावे ऐकले की आधी पाकीट सांभाळावं. कर्णपटलाच्या अलीकडे ओतलेलं तेल पलीकडच्या केशपेशींपर्यंत जातच नाही.

उंच स्वरांच्या नावावर आणखी एक धंदा चालतो. डास पळवणारी अ‍ॅप आणि प्लगला लावायच्या पेट्या, ‘माणसाला न ऐकू येणाऱ्या ध्वनी’वाल्या. २००७ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दहा क्षेत्रीय अभ्यास एकत्र तपासले गेले. डास चावणं कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि रात्री कुत्रं कोपऱ्याकडे बघून गुरगुरायला लागलं की त्याला यमदूत दिसला, असं सांगणारे अजून भेटतात. कुत्र्याला ४५ किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं. किडे खाणारी वटवाघळं आणि उंदीर आपल्याला पत्ता न लागता त्या पट्टीत भरपूर बोलत असतात. यमदूताला बोलवायची गरज नाही.

१७ किलोहर्ट्झ गेल्याची खंत करू नये, काळजी खालच्या पट्टीची करावी. बोलण्यातले अ, आ, इ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र ३-४ ते ८ किलोहर्ट्झच्या सळसळीत असते. जुन्या पद्धतीच्या फोनलाइनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झच जातं, म्हणून तिथे ‘साठ की आठ?’ असं विचारावं लागतं. वयाची झीज ८ किलोहर्ट्झच्या खाली उतरली की घरातही तसंच होतं. ‘आवाज येतो, शब्द लागत नाही’ असं आजी म्हणते आणि आपण जास्त ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, ‘स’ जवळपास तेवढाच राहतो. त्यापेक्षा समोर बसून सावकाश बोलावं आणि ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, करून घ्यावा. त्यात साधारणपणे २५० ते ८,००० हर्ट्झ तपासतात.

त्याहून वरची पट्टी, ९ ते १६ किलोहर्ट्झ, काही ठिकाणी मुद्दाम तपासतात, आणि कान-वयाच्या खेळापेक्षा तिचा उपयोग फार गंभीर आहे. कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन आणि जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन यांच्यासारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं बाह्य केशपेशी मारतात आणि तीही दाराकडून सुरुवात करून. बोलणं ऐकण्यात काही फरक पडण्याआधी वरची पट्टी घसरते, आणि ती वेळेत दिसली तर डॉक्टरांना डोस किंवा औषध बदलायला अवधी मिळतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी कॅनामायसिनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने दिली जात तेव्हा कित्येक रुग्ण क्षयातून उठले आणि बहिरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८-१९ मध्ये कॅनामायसिनची शिफारस काढून घेतली. आपल्याकडेही आता अशा क्षयावर बेडाक्विलीनसह तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचे कोर्स आले आहेत. अ‍ॅमिकासिन मात्र अजून काही रुग्णांना द्यावं लागतं आणि त्यांची श्रवणचाचणी नियमित व्हावी लागते.