बुलेट ३५० आणि निन्जा ३०० : टॉर्क सारखाच, मग गाडी वेगळी का?

दिवाळी जवळ आली की रत्नागिरीत मला हा प्रश्न हमखास येतो. ‘चार वर्षं साडेतीनशेची बुलेट चालवतोय, आता तीनशेची निन्जा बघतोय. पन्नास सीसी कमीच आहे, मग जड काय जाणार?’ सीसी कमी म्हणजे गाडी गरीब, हा हिशेब चुकीचा आहे हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तेव्हा एकदाच नीट लिहून ठेवतो.

बुलेट तुम्ही जाणता, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. एक सिलिंडर, ३४९ सीसी, पाच गिअर, साधारण २० अश्वशक्ती, २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. आता कावासाकीची निन्जा ३००. दोन सिलिंडर, २९६ सीसी, सहा गिअर, ३९ अश्वशक्ती आणि टॉर्क २६. टॉर्क जवळपास तेवढाच, एक घासभर कमीच. ताकद मात्र दुप्पट. सगळा घोळ इथे आहे, आणि बाकीचं काही नाही कळलं तरी चालेल पण हे कळायला हवं.

टॉर्कच्या आकड्याला लागूनच आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, छापलेला असतो. तो कोणी वाचत नाही. बुलेटचे २७ मिळतात ४००० आरपीएमला. निन्जाचे २६ मिळतात १०,००० ला.

चिरेखाणीवर दोन गडी आहेत असं धरा. दोघेही एका वेळी जांभ्याचा एकच चिरा उचलतात, चिरा दोघांचा सारख्याच वजनाचा. पहिला तासाला चाळीस चिरे ट्रकात टाकतो, दुसरा शंभर. एका खेपेला उचललेलं वजन हा टॉर्क. तासाभरात ट्रक किती भरला, ती पॉवर. टॉर्क गुणिले फेरे, यापलीकडे पॉवरमध्ये काही नाही. म्हणून ‘टॉर्क म्हणजे पिकअप आणि पॉवर म्हणजे टॉप स्पीड’ हे वाक्य मला ऐकवत नाही. इंजिनातला टॉर्क जसाच्या तसा चाकावर येत नाही, मध्ये गिअर आहेत. जे इंजिन जास्त फेरे घेऊ शकतं, त्याला त्याच वेगाला खालचा गिअर देता येतो, आणि खालचा गिअर टॉर्क वाढवूनच चाकाला देतो. त्यामुळे पिकअपही शेवटी पॉवरच ठरवते. फक्त ती पॉवर ज्या आरपीएमला आहे, तिथे इंजिन असलं पाहिजे.

बुलेटचं इंजिन १०,००० ला का नेता येत नाही, तेही बघा. बुलेटच्या पिस्टनचा एका बाजूचा प्रवास ८५.८ मिलिमीटर, निन्जाच्या पिस्टनचा ४९. बुलेटची पूर्ण ताकद ६१०० आरपीएमला येते, निन्जाची ११,००० ला. आता गुणाकार करा. बुलेटचा पिस्टन तिथे सेकंदाला सरासरी साडेसतरा मीटर धावतो आणि निन्जाचा अठरा. म्हणजे धातूवरचा ताण दोघींचा जवळपास सारखा. आरपीएमचा काटा ९००० वर गेला की नवीन माणूस ‘इंजिन फुटेल’ म्हणून घाबरतो, ते म्हणून निरर्थक आहे. इंजिन गरम झाल्यावर ९००० हा निन्जाचा रोजचा आवाज आहे. बुलेटच्या कानाने तो ऐकू नका.

आता हे रस्त्यावर कसं अंगावर येतं ते सांगतो. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी सेकंडहँड निन्जा घेतली. त्याआधी चार वर्षं बुलेट, कशेडीपासून आंबोलीपर्यंत सगळे घाट फिरलेला पोरगा. गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेच्या चढाला मी मागे बसलो होतो. चौथा गिअर, काटा ४००० च्या खाली. मला म्हणतो, “मामा, ही ओढतच नाही हो. काहीतरी बिघाड आहे हिच्यात.” बिघाड काही नव्हता. बुलेट त्या चढाला चौथ्यात डुगडुग करत निवांत चढते, कारण ४००० म्हणजे तिचं घर. निन्जा ४००० ला अर्धवट झोपेत असते. त्याने गिअर पाडला नाही, म्हणजे खालचा घेतला नाही, नुसती मूठ पिळली. गाडी हळूहळू वर आली, ६००० ओलांडले आणि मग आवाज बदलून ती अशी सुटली की मी मागचं हँडल घट्ट धरलं. तेवढ्यात समोर वळण. त्याने दचकून मूठ एकदम सोडली. गाडीचा सगळा भार पुढच्या चाकावर आला आणि आम्ही वळणाच्या बाहेर, समोरून येणाऱ्याच्या बाजूला सरकलो. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून बरं.

त्या पाच सेकंदांत घाबरावं असं काहीही अचानक झालं नव्हतं. वळणात शिरण्यापूर्वी तिसरा किंवा दुसरा गिअर घेतला असता, काटा ६०००-७००० वर असता, तर मूठ थोडी उघडल्यावर थोडी ताकद आणि थोडी मिटल्यावर थोडा इंजिन ब्रेक, म्हणजे इंजिनानेच गाडी आवरणं, सगळं हातात राहिलं असतं. बुलेटवर गिअर चुकला तरी टॉर्क सांभाळून घेतो. निन्जावर गिअर हीच अर्धी ड्रायव्हिंग आहे, आणि तो वळणाच्या आधी बदलायचा.

दुसरी ठेच मी स्वतः खाल्ली, तीही जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर. दाभोळहून धोपाव्याला उतरताना बोटीचा लोखंडी पत्रा ओला, त्यावर वाळू, पुढे चढाचा धक्का, मागे गाड्यांचे हॉर्न. बुलेट अशा जागी क्लच हळूहळू सोडला की मूठ न पिळताही चालायला लागते. तिचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला फिरत ठेवणारं आतलं चाक, जड; फिरतं ते फिरतच राहतं. निन्जाचं फ्लायव्हील हलकं आणि १२००-१५०० आरपीएमला टॉर्क तुटपुंजा. मी सवयीने क्लच सोडला, गाडी गचकन बंद पडली, हँडल वळलेलं होतं, पाय पत्र्यावर घसरला आणि १७९ किलो डाव्या मांडीवर. क्लचचा लिव्हर मोडला, इंडिकेटर गेला. खलाश्याने आणि मागच्या रिक्षावाल्याने गाडी उचलून दिली. तेव्हापासून एक नियम: चढावर निघताना आधी काटा ३००० वर न्यायचा, तिथे धरून ठेवायचा आणि मगच क्लच सोडायचा. रिकाम्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हे पन्नास वेळा केलं की हाताला बसतं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. बसण्याची ढब जराशी पुढे झुकलेली, महिन्याभरात सवय होते. सीट बुलेटपेक्षा उंच नाही, उलट थोडी खालीच. अ‍ॅव्हरेज कमी. सर्व्हिसिंगला मला घाट चढावा लागतो. खाऱ्या हवेने चेन लाल होते, ती दोन्ही गाड्यांची होते.

एबीएसवर मात्र थोडं. ‘एबीएस आहे, घसरणार नाही’ असं समजू नका. एबीएस फक्त ब्रेक दाबल्यावर चाक अडकू देत नाही. मूठ पिळून मागचं चाक फिरलं, तर त्याला थांबवणारी ट्रॅक्शन कंट्रोल नावाची वेगळी यंत्रणा असते, आणि निन्जा ३०० ला ती नाही. मिरकरवाड्याच्या रस्त्यावर मासळीच्या टेम्पोतून गळलेलं पाणी, पहिल्या पावसात वर आलेली लाल माती, आडवाटेला आंब्याखालचं शेवाळ, यावर ८००० आरपीएमला दिलेला झटका एबीएस वाचवत नाही. ओल्या रस्त्यावर एक गिअर वरचा ठेवा आणि मूठ हळू उघडा.

मग केटीएमच्या ‘आरसी ३९०’चं काय, असं विचारणारे असतातच. ३७३ सीसी, एक सिलिंडर, साडेत्रेचाळीस अश्वशक्ती आणि ७००० आरपीएमलाच ३७ न्यूटन मीटर. म्हणजे चिराही मोठा आणि खेपाही जास्त. गाडी उत्तम आहे, पण पहिली स्पोर्टी गाडी म्हणून मी कोणालाही सुचवत नाही. निन्जा तुम्ही ६००० च्या खाली ठेवलीत तर ती शहाण्यासारखी चालते आणि शिकायला सवड देते. आरसी ती सवड देत नाही, हाताची चूक चाकापर्यंत लगेच पोचवते.

आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि गिअरच्या गाडीचं लायसन मिळालं की कितीही ताकदीची गाडी चालवता येते. युरोपात अठराव्या वर्षी ३५ किलोवॅटच्या वर, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्तीच्या वर परवानगी नाही. आपल्याकडे ती पायरी कायद्यात नाही, तर ती स्वतःच घालून घ्यावी. माझं मत पक्कं आहे: आधी १५० किंवा १६० सीसीच्या गाडीवर एक अख्खा पावसाळा काढा, गिअर पाडून वळण घ्यायची सवय तिथे लावा, मग दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले की निन्जा घ्या. नुसत्या बुलेटवरून उडी मारणार असाल तर पहिले हजार किलोमीटर मागे कोणाला बसवू नका, आणि आरे-वारेला सकाळी सातच्या आत जा, पर्यटकांच्या गाड्या यायच्या आधी. दुसरा गिअर, ६५००, मूठ सारखी धरून, वर नाही खाली नाही. भाचा आता तसाच चढतो, आणि मी पुन्हा मागे बसायला लागलोय.