न्यूबरीचे पुस्तक आहे? आधी तळाची ओळ वाचा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुन्या इंग्रजी पुस्तकांची पारख, दुरुस्ती आणि खरेदी-विक्री हे आमचे काम. मुलांच्या जुन्या पुस्तकांबद्दल जी विचारणा येते, ती बहुतेक वेळा एकाच नावाभोवती फिरते : जॉन न्यूबरी, अठराव्या शतकातला लंडनचा पुस्तक-प्रकाशक. आजोबांच्या कपाटात, विलायतेहून आलेल्या एखाद्या ट्रंकेत किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात तळहाताएवढे पुस्तक सापडते. त्यावर न्यूबरी हे नाव आणि सतराशे साठ-पासष्टच्या आसपासचे साल दिसते, आणि लगेच व्हॉट्सअॅपवर फोटो येतो : "याचे किती येतील?" दर वेळी तेच उत्तर लिहिण्यापेक्षा सगळे एकदाच छापून ठेवावे म्हणून हे पत्रक काढले आहे. पुस्तक आणण्याआधी किंवा फोटो पाठवण्याआधी कृपया पूर्ण वाचावे.

आधी एक खुलासा. कव्हरवर सोनेरी गोल शिक्का असलेली, 'न्यूबरी मेडल' मिळालेली पुस्तके आमच्याकडे मिळत नाहीत. ते अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचे पारितोषिक आहे. १९२२ पासून ते दिले जाते आणि न्यूबरीच्या सन्मानार्थ त्याला हे नाव दिले आहे. ती पुस्तके नव्या पुस्तकांच्या दुकानात सहज मिळतील. आमचा संबंध मूळ न्यूबरीशी आणि त्याच्या मागे आलेल्या पेढ्यांशी.

जॉन न्यूबरी हा इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १७१३ चा. रेडिंग गावी विल्यम कार्नन यांच्या छापखान्यात कामाला लागला. कार्नन वारले तेव्हा धंद्यातला वाटा त्याला मिळाला, पुढे त्यांच्या विधवा पत्नीशी त्याने लग्न केले, आणि १७४४ च्या सुमारास तो लंडनला आला. १७४५ पासून सेंट पॉल्स चर्चयार्डात 'बायबल अँड सन' (बायबल आणि सूर्य) या पाटीचे त्याचे दुकान होते. १७६७ मध्ये तो वारला, पण तेवढ्या काळात मुलांची पुस्तके हा एक स्वतंत्र, नफ्याचा धंदा होऊ शकतो हे त्याने लंडनला दाखवून दिले. १७४४ च्या 'लिटल प्रिटी पॉकेट-बुक'ची किंमत सहा पेन्स होती. आठ पेन्स दिले तर मुलाला चेंडू किंवा मुलीला टाचण्यांची उशी सोबत मिळे. या वस्तूंची एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगले वागले की लाल बाजूला टाचणी, वाईट वागले की काळ्या. त्याच पुस्तकात क्रिकेटचे चित्र आहे आणि 'बेस-बॉल' या नावाने एका खेळावर चार ओळीही आहेत. वेष्टनाला फुलाफुलांचा सोनेरी कागद, आत लाकडी ठशांची चित्रे, मुलाच्या हातात मावेल असा आकार. पुस्तक हातात घेतल्यावर मुलाला आनंद व्हावा, ही गोष्ट त्याला नेमकी कळली होती, आणि आम्हाला हा प्रकाशक प्रिय आहे तो त्यासाठीच.

तो फक्त मुलांचा प्रकाशक होता असे मात्र समजू नये. 'पब्लिक लेजर' हे दैनिक त्याने १७६० मध्ये सुरू केले. लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथची 'चिनी पत्रे' ही लेखमाला त्यातच आली. 'द वर्ल्ड डिस्प्लेड' ही प्रवासवर्णनांची वीस खंडांची माला त्याचीच. तिची प्रस्तावना सॅम्युअल जॉन्सनने लिहिली आणि तीत पोर्तुगीज दर्यावर्दींच्या सफरींचा इतिहास आहे. गोव्याच्या ग्राहकांनी या मालेचे सुटे खंड सापडले तर तेही जरूर दाखवावेत. एकटा खंड फार किमतीचा नसतो, पण अपुरा संच पुरा करू पाहणारे गिऱ्हाईक असतात. याशिवाय डॉक्टर जेम्सची तापावरची पूड विकण्यातही न्यूबरीची भागी होती. न्यूबरीनेच काढलेल्या 'गुडी टू-शूज' या मुलांच्या गोष्टीत नायिकेचा बाप तापाने मरतो तो अशा गावी, जिथे डॉक्टर जेम्सची पूड मिळत नव्हती!

आता मुद्द्याकडे. आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो एका चुकीपायी. ग्राहक शीर्षकाच्या पानाचा फोटो काढतात, त्यात पुस्तकाचे नाव आणि वरचे चित्र ठळक येते, पण पानाच्या तळच्या दोन-तीन ओळी कापल्या जातात. किंवा फोनवर सांगतात, "न्यूबरीच लिहिलंय हो, स्पष्ट आहे." न्यूबरी लिहिले आहे हे खरेच असते. पण कोणता न्यूबरी, कुठल्या पत्त्यावरचा, हे त्या तळच्या ओळींतच असते, आणि पुस्तकाची सगळी ओळख तिथे ठरते.

कारण न्यूबरी एक नव्हता. जॉन न्यूबरी हयात असतानाच त्याचा पुतण्या फ्रान्सिस न्यूबरी स्वतःच्या नावाने पुस्तके काढत होता. गोल्डस्मिथची 'व्हिकार ऑफ वेकफिल्ड' ही कादंबरी १७६६ मध्ये आली, सॉल्सबरीला छापलेली आणि 'पेटरनॉस्टर रो मधील एफ. न्यूबरी'साठी. हा एफ. म्हणजे पुतण्या. जॉन वारल्यावर सेंट पॉल्स चर्चयार्डातले त्याचे ६५ नंबरचे दुकान त्याचा सावत्र मुलगा थॉमस कार्नन आणि मुलगा फ्रान्सिस यांच्याकडे गेले. मुलाचेही नाव फ्रान्सिसच, म्हणून त्याच्या नावापुढे 'ज्युनिअर' लागते. पुतण्याने तोवर लडगेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, म्हणजे हाकेच्या अंतरावर, आपले दुकान मांडले होते. दोन्ही घरांत चुरस एवढी, की कार्नन आणि ज्युनिअर न्यूबरी यांनी छापील सूचना काढली : कोपऱ्यावरच्या एफ. न्यूबरीचा कैलासवासी जॉन न्यूबरी यांच्या मुलांच्या पुस्तकांशी काडीमात्र संबंध नाही, लोकांनी ६५ नंबरलाच यावे. तेव्हाच्या लंडनकरांचाही घोटाळा होत होता, तर अडीचशे वर्षांनी आपला झाला यात नवल नाही. म्हणूनच पत्ता वाचायचा.

पुतण्या १७८० मध्ये वारला आणि त्याची पत्नी एलिझाबेथ हिने कोपऱ्यावरचे दुकान १८०२ पर्यंत चालवले. 'ई. न्यूबरी' असे दिसले तर ते तिचे. आमच्याकडे येणारी बरीच पुस्तके तिचीच निघतात आणि ती उत्तम असतात. तिच्या मागून जॉन हॅरिस आला. त्याने शीर्षकाच्या पानावर 'ई. न्यूबरी यांचे उत्तराधिकारी' असे अभिमानाने छापले, आणि ग्राहक हॅरिस सोडून फक्त न्यूबरी वाचतात. इकडे ६५ नंबरवर कार्नन १७८८ मध्ये वारल्यावर काही काळ न्यूबरीचा नातू फ्रान्सिस पॉवर याचे नाव दिसते. हे सगळे ग्राहकांनी पाठ करावे असे आमचे म्हणणे नाही, त्यासाठी आम्ही बसलो आहोत. आपण फक्त तळच्या ओळी पूर्ण दिसतील असा फोटो पाठवावा.

दुसरी अडचण सालाची. 'गुडी टू-शूज'ची पहिली आवृत्ती १७६५ ची, तिसरी १७६६ ची. ग्राहकांच्या हातात बहुधा १७६६ असे छापलेली प्रत असते आणि ती बहुधा १८८१ मध्ये छापलेली असते. ग्रिफिथ अँड फॅरन या पेढीने (न्यूबरी आणि हॅरिस यांचीच पुढची गादी) त्या वर्षी चार्ल्स वेल्श यांच्या प्रस्तावनेसह तिसऱ्या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती काढली. ती प्रामाणिकपणे, प्रतिकृती म्हणूनच काढली होती. पण प्रतिकृतीच ती, त्यामुळे आत १७६६ चे जुने शीर्षकाचे पान जसेच्या तसे आहे. वर्षानुवर्षे हाताळल्यावर पुढची पाने आणि प्रस्तावना गळून पडली की उरते ते फक्त जुने पान, 'बायबल अँड सन'च्या पत्त्यासकट. 'लिटल प्रिटी पॉकेट-बुक'चेही तसेच : त्याची प्रतिकृती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९६६ मध्ये काढली. मूळ पहिल्या आवृत्तीची पूर्ण प्रत आज कुठेही असल्याचे ज्ञात नाही. कुणी "१७४४ ची पहिली आवृत्ती" म्हणून विकायला आले, तर पैसे देण्यापूर्वी आमच्याकडे या. 'मदर गूज'च्या गाण्यांचेही तेच. १७६५ चे म्हणून नाव घेतले जाते, पण ते पुस्तक कार्ननने नोंदवले १७८० च्या डिसेंबरात, आणि हाती लागणाऱ्या प्रती त्यानंतरच्याच असतात. शिवाय अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी आयझाया थॉमस याने १७८७ च्या सुमारास न्यूबरीची बरीच पुस्तके पुन्हा छापली. तीही जुनी आणि दुर्मीळ आहेत, फक्त लंडनची नाहीत.

शीर्षकाच्या पानावरची आणखी एक ओळ लोकांना भुलवते. 'गुडी टू-शूज'च्या शीर्षकाखाली छापले आहे की मूळ हस्तलिखित रोमला व्हॅटिकनमध्ये आहे आणि चित्रे मायकेल अँजेलोची आहेत. ही न्यूबरीची थट्टा आहे. चित्रे मायकेल अँजेलोची नाहीत. लेखक कोण हेही ठरलेले नाही. गोल्डस्मिथचे नाव अनेकदा घेतले जाते, पण खात्रीचा पुरावा नाही, म्हणून आम्ही पावतीवर 'लेखक अनिश्चित' असेच लिहितो. काही ग्राहकांना ते आवडत नाही. तरी आम्ही तसेच लिहिणार.

घरच्या घरी काय पाहता येईल? पान उजेडाकडे धरा. न्यूबरीच्या हयातीतल्या साध्या पुस्तकाच्या कागदात बारीक रेघांची जाळी आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या, बोटभर अंतराच्या ठळक रेघा दिसायला हव्यात. सपाट, एकसारखा कागद दिसला तर पुस्तक नंतरचे मानून पुढे चला. पण रेघा दिसल्या म्हणजे पुस्तक जुने, असे उलट धरू नका, कारण रेघांचा कागद पुढेही बनत राहिला. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा 'एस' हा 'एफ'सारखा लांब दिसतो, तोही प्रतिकृतीत तसाच उतरतो, म्हणून तो एकटा पुरावा धरता येत नाही. जास्त विश्वासाची खूण म्हणजे खिळ्यांचा दाब. पानाच्या मागच्या बाजूवर बोट हळूच फिरवा, जुन्या छपाईत अक्षरांचा उठाव लागतो. पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द आणि फर्म्याची (घडी घातलेल्या छापील तावाची) अक्षरे असतील तर त्यांचाही फोटो काढा. शेवटची जाहिरातींची पाने तर आवर्जून पाठवा. त्या यादीत कुठले पुस्तक आहे आणि कुठले नाही, यावरून प्रत कोणत्या वर्षांतली ते बऱ्याचदा सांगता येते. "जाहिराती होत्या, फाडून टाकल्या" हे वाक्य ऐकून आम्हाला खरोखर वाईट वाटते.

तीच विनंती दुरुस्तीबाबत. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर नकोच. फुलांचा सोनेरी कागद फाटका असला तरी काढून नवा रेक्झिनचा पुठ्ठा चढवू नका : तो कागद हाच पुस्तकाचा मूळ पेहराव आहे, आणि तो गेला की किंमत बरीच उतरते. कसर लागली असेल तर पुस्तक उन्हात ठेवू नये, कोरड्या कागदी पाकिटात घालून तसेच आणावे. पहिल्या पानावर एखाद्या मुलाने वेड्यावाकड्या अक्षरात आपले नाव आणि साल लिहिले असेल, तर ते खोडरबराने पुसू नका. ते आम्हाला हवे असते.

काही ग्राहक विचारतात की फोनवर किंमत का सांगत नाही, आणि पारखीची फी का घेता. न्यूबरीचे चार इंची पुस्तक नीट तपासायचे म्हणजे प्रत्येक पान मोजणे, फर्मे जुळवणे, ठशांची चित्रे दुसऱ्या आवृत्तीशी ताडून पाहणे, पत्ता आणि नाव पडताळणे. यात अर्धा दिवस सहज जातो. फोटोवरून आकडा सांगितला तर तो चुकण्याचीच शक्यता जास्त, आणि तो आकडा ऐकून ग्राहक दुसरीकडे सौदा करतात, हेही आम्ही पाहिले आहे. पारखीनंतर लेखी टिपण देतो. पुस्तक आम्हालाच विकले तर फी त्यातून वजा होते. पुस्तक नकली निघाले तरी फी द्यावीच लागते, कारण काम तेवढेच झालेले असते.

आणि ज्यांना विकायचे नाही, फक्त एखादे न्यूबरी घरात असावे असे वाटते, त्यांच्यासाठी एक सल्ला. जॉन न्यूबरीच्या हयातीतल्या प्रतीचा हट्ट धरू नका, त्या क्वचितच येतात. एलिझाबेथ न्यूबरीची आणि जॉन हॅरिसची पुस्तके बघा. हॅरिसने १८०५ मध्ये 'मदर हबर्ड' आणि १८०७ मध्ये 'बटरफ्लाय्ज बॉल' काढून मुलांच्या पुस्तकांत चित्रांना जे स्थान दिले, ते हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. १८८१ ची प्रतिकृतीही चांगली असली तर आम्ही आनंदाने विकतो, फक्त ती १८८१ ची म्हणून. लहान पुस्तकांसाठी मापाच्या कापडी पेट्या आम्ही स्वतः बनवतो. पुस्तक कुठूनही घेतले असले तरी पेटी आमच्याकडून करून घेता येते, त्यासाठी पुस्तक दोन दिवस ठेवावे लागते.

फोटो पाठवताना : शीर्षकाचे पूर्ण पान तळच्या ओळीसह, वेष्टन पुढून आणि मागून, शेवटची दोन पाने, आणि पुस्तकाशेजारी मोजपट्टी ठेवलेला एक फोटो. एवढे आले की त्याच आठवड्यात आम्ही कळवतो की पुस्तक घेऊन यावे की नाही.