आकडा आणि फळ

मिशनरी कामाचा वार्षिक अहवाल उघडला की आधी आकडे दिसतात: इतके बाप्तिस्मे (ख्रिस्ती होण्याचे जलविधी), इतक्या नव्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च. आकड्यांना कमी लेखायचं कारण नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी, सुमारे ३००० माणसांची भर पडल्याची नोंद आहेच. पण पुढच्याच वचनात ती माणसं शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिली असं येतं. भर पडली हा आकडा; टिकून राहिली हे फळ. दोन्ही इतकी लागून येतात की आपण एकालाच दुसरं समजून बसतो.

आकडा त्याच दिवशी मोजता येतो, फळाला वेळ लागतो. अमेरिकन मिशनरी ॲडोनिराम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोचले. पहिल्या बर्मी विश्वासणाऱ्याचा, मौंग नाऊचा, बाप्तिस्मा झाला १८१९ मध्ये. मधली सहा वर्षं जडसन भाषा शिकत होते, बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान बर्मीत आणत होते. पुढे अख्खं बर्मी बायबल त्याच मेहनतीतून उभं राहिलं. त्या वर्षांना अपयश म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याहून बोलकी गोष्ट मादागास्करची. १८३५ मध्ये राणी पहिली रानावालोना हिने प्रजेला ख्रिस्ती धर्म पाळायला बंदी केली आणि पुढच्या वर्षी उरलेसुरले मिशनरीही निघून गेले. मागे राहिलं नुकतंच छापून झालेलं मालागासी बायबल आणि थोडे विश्वासणारे. त्यांनी प्रती जमिनीत पुरून जपल्या, चोरून एकत्र जमले. कित्येकांचा जीव गेला. १८६१ मध्ये राणी वारली तेव्हा ख्रिस्ती लोक घटले तर नव्हतेच, कितीतरी वाढले होते.

त्याच शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनरी संस्थेचे सचिव हेन्री व्हेन यांनी धरलेली कसोटी मला म्हणूनच पटते: मंडळी आपला खर्च आपण भागवते का, कारभार आपण बघते का, सुवार्ता आपण पुढे नेते का?

मात्र ‘आम्ही विश्वासू राहिलो, फळ देवाच्या हाती’ या वाक्याआड आळसही लपतो. हिशेब टाळू नये, नीट मांडावा. बाप्तिस्म्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: पाच वर्षांपूर्वी ज्यांची नावं लिहिली, त्यांतले आज मंडळीत किती आहेत, आणि त्यांतल्या कितींनी दुसऱ्या कोणाला हात धरून आणलं?