कारे राइसु

ताटलीच्या अर्ध्या भागात चिकटसर भात, उरलेल्या अर्ध्यात दाट तपकिरी रस्सा आणि कडेला चमचाभर लालसर लोणचे, असा हा जपानमधल्या घराघरांत होणारा करी-भात. नाव कारे राइसु. बोलताना नुसते ‘कारे’. काड्यांनी जेवणाऱ्या देशात हा पदार्थ चमच्याने खातात. करी म्हटले की आपल्याला भारत आठवतो, पण जपानी लोक घरगुती कारेची गणना ‘योशोकु’त, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीच्या जेवणात करतात. ते योग्यच आहे, कारण ती तिथे पोहोचली इंग्रजांमार्फत. आपल्या रश्शाशी किंवा कालवणाशी तिची तुलना करायला गेलो तर निराशाच पदरी पडते. ओले-सुके खोबरे नाही, खमंग फोडणी नाही. दाटपणा येतो तो तुपा-चरबीत परतलेल्या गव्हाच्या पिठाने.

मेइजी काळात (१८६८–१९१२) जपानने पाश्चात्त्य राहणीमान आपलेसे करायला घेतले, तेव्हा इंग्रजांच्या डबाबंद करी पावडरीबरोबर ही कृतीही आली. १८७२ साली छापलेल्या एका पाककृतीत पात, आले आणि लसूण लोण्यात परतून त्यात कोंबडी, कोळंबी, कालवे आणि चक्क बेडूक घालायला सांगितले आहे. बटाटा, गाजर, कांदा हे आज कारेचे अविभाज्य त्रिकूट; त्या कृतीत मात्र यांतले काहीच नाही. या भाज्यांची लागवड पुढे होक्काइदो बेटावर मूळ धरू लागली, तेव्हा त्या कारेत आल्या.

कारेचा प्रसार झाला तो लष्करी मुदपाकखान्यांतून. त्या काळी नौदलात बेरीबेरीने, म्हणजे निकस आहारातून होणाऱ्या रोगाने, खलाशी मरत. ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरने १८८०च्या दशकात पांढऱ्या भातावरची भिस्त कमी करून सातू आणि मांस वाढवले, आणि रोग आटोक्यात आला. मोठ्या हंड्यात एकदम शिजणारी, मांस-भाज्या पोटात जाणारी कारे अशा आहारात सहज बसली. १९०८च्या नौदलाच्या पाकपुस्तिकेत तिची कृती आहे: गोमांस किंवा कोंबडी, त्रिकुटाच्या भाज्या, चरबीत परतलेले पीठ, करी पावडर. वाढताना सोबत लोणचे, म्हणजे ‘चात्सुने’ द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. हा चात्सुने म्हणजे आपली चटणीच. नोकरी संपवून गावी परतलेल्या सैनिकांनी आणि खलाशांनी ही चव घरी नेली. आजही जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलात शुक्रवार हा कारेचा वार असतो, आणि प्रत्येक जहाजाला आपल्या कृतीचा अभिमान. योकोसुका या नौदलाच्या शहराने तर स्वतःला कारेचे गाव म्हणवून घेतले आहे.

कडेच्या लोणच्याचे नाव फुकुजिनझुके. मुळा, वांगे, कमळकाकडी अशा भाज्या बारीक चिरून सोया सॉसमध्ये मुरवतात. जपानी सप्त शुभदेवतांवरून, म्हणजे शिचिफुकुजिनांवरून हे नाव पडले. त्या सातांतली बेनझाइतेन ही मूळची आपली सरस्वती, बिशामोनतेन हा कुबेर आणि दाइकोकुतेन हा महाकाल. कारे इंग्रजांच्या वाटेने गेली, पण तिच्या लोणच्याच्या नावातले देव हजारेक वर्षांपूर्वीच बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचले होते.

खऱ्या भारतीय करीची गोष्ट वेगळी आहे. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगवरील बॉम्बहल्ल्याच्या कटातले क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानला निसटले. हद्दपारीचा हुकूम निघाल्यावर तोक्योच्या शिंजुकु भागातल्या ‘नाकामुराया’ बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना आसरा दिला. पुढे त्यांची मुलगी तोशिको बोसांची पत्नी झाली. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढले, तेव्हा पिठाळ कारे न पटलेल्या बोसांच्या आग्रहाने हाडासकट कोंबडीची, पीठ न लावलेली करी तिथे मिळू लागली. इतरत्र १०–१२ सेनला (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) कारे मिळत असताना हिचा भाव ८० सेन होता, तरी ती खपली. दुकान आजही आहे, आणि तिथे हा पदार्थ ‘कारे’ नव्हे, ‘कारी’ म्हणून मिळतो.

घरात मात्र पिठाळ कारेचीच सत्ता. तिची किल्ली आहे ‘रू’: पीठ, चरबी आणि मसाले यांची तयार वडी. चॉकलेटच्या लादीसारख्या तिच्यावर खाचा असतात. भाज्या-मांस शिजले की आच बंद करायची, हव्या तेवढ्या वड्या कटकन मोडून टाकायच्या, विरघळल्या की मंद आचेवर पुन्हा घोटायचे. १९६३ साली ‘हाउस’ कंपनीने सफरचंद आणि मध घातलेली ‘वरमाँट करी’ आणली, आणि मोठ्यांचा तिखट पदार्थ लहान मुलांचा लाडका झाला. पाकिटांवर अमाकुची (गोडसर), चुकारा (मध्यम), काराकुची (तिखट) असे लिहिलेले असते. कोल्हापूरकराने यातले ‘तिखट’ फारसे मनावर घेऊ नये. १९६८ साली ओत्सुका समूहाची ‘बोन करी’ आली. सलाइनच्या बाटल्या निर्जंतुक करण्याचा अनुभव या समूहाला होता. तोच वापरून बंद पाकिटात शिजवलेली ही करी गरम पाण्यात ठेवली की तयार होते.

यातून निघालेली पिलावळही मोठी. डुकराच्या मांसाचा तळलेला काप वर ठेवला की कात्सु कारे. जाड शेवयांवर ओतली की कारे उदोन. कणकेच्या गोळ्यात भरून, पावाचा चुरा लावून तळली की कारे पान. सप्पोरो शहरात तर पातळ, सुपासारखी कारे खातात. उरलेल्या कारेला दुसऱ्या दिवशी आणखी चव येते, असे तिथले लोक हमखास सांगतात; शिळ्या आमटीबद्दल आपणही हेच म्हणतो. मात्र मोठा हंडा रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात जंतू वाढून पोट बिघडते, म्हणून उरलेली कारे उथळ डब्यांत काढून लगेच थंड करावी लागते.

शाकाहारी माणसासाठी खरी अडचण ‘रू’च्या वडीची आहे. ताटलीत फक्त भाज्या दिसल्या तरी वडीत बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. विकत घेताना पाकिटामागच्या यादीत 牛 (गाय) आणि 豚 (डुक्कर) ही दोन चिन्हे आधी शोधावीत; पण तेवढ्याने भागत नाही, कारण वडीत कोंबडीचा किंवा माशांचा अर्कही असू शकतो.