हजेरीत न धरलेलं वर्ष

२० मार्च २०१८च्या सकाळी माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रुळांवर बसलेली मुलं रेल्वेच्याच कारखान्यांत शिकून बाहेर पडलेली होती. रेल्वेच्या भरतीत 'ॲक्ट अप्रेंटिस'साठी, म्हणजे शिकाऊ उमेदवार कायद्याखाली प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी, २० टक्के जागा होत्या; ही मर्यादा काढा आणि सगळ्यांना सामावून घ्या, अशी त्यांची मागणी होती. ऐन गर्दीच्या वेळी मध्य रेल्वे ठप्प झाली, लाठीमार झाला, आणि बातम्या आल्या त्या मुख्यतः प्रवाशांच्या हालांच्या.

या मागणीची मुळं १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहेत. त्याआधी १८५०चा एक कायदा होता, पण तो अनाथ आणि गरीब मुलांना धंद्याला लावण्यापुरता. १९६१च्या कायद्याने प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक ठेवलं नाही, ती घेणं मुलावरही नाही. करारातच पुढे काम करण्याची अट असेल तरच मालकाला योग्य नोकरी देऊ करावी लागते. तशी अट किती करारांत असते, हे सही करणाऱ्याला कोणी सांगत नाही.

खरा गुंता शब्दाचा आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' या व्याख्येत शिकाऊ उमेदवार स्पष्टपणे धरला होता. चौदा वर्षांनी आलेल्या कायद्याने सांगितलं की तो कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. दोन्ही वाक्यं अनेक दशकं शेजारी शेजारी नांदली. वाद न्यायालयात गेला की पारडं बहुतेक दुसऱ्या वाक्याकडे झुकायचं. २००४च्या एका निकालात तर कराराची नोंदणी झालेली नसली तरी मुलगा कामगार ठरत नाही, असं म्हटलं गेलं. नोंदणी करणं मालकाचं काम. ते न केल्याचा भुर्दंड मात्र मुलाला! शेवटी २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने व्याख्येतला 'धरून' खोडून 'वगळून' केलं.

हे शब्दच्छल वाटेल, पण २४० दिवसांचा हिशेब इथेच अडतो. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला सहज काढता येत नाही, नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून तर कारखान्यांत २४० दिवस भरण्याआधीच कामात 'ब्रेक' देण्याची पद्धत पडली. शिकाऊ म्हणून त्याच मशीनवर, त्याच पाळीत काढलेलं वर्ष या मोजणीत शून्य. ग्रॅच्युइटीतही ते धरत नाहीत, पीएफही कापला जात नाही.

१९९५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुलांच्या बाजूचा म्हणून आजही दाखवला जातो. बाकी सगळं समान असेल तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा आपल्याकडे शिकलेल्याला प्राधान्य द्या, प्रशिक्षणाच्या काळाइतकी वयाची सवलत द्या, आधी शिकलेल्याला ज्येष्ठ माना. पुढच्या निकालांत लेखी परीक्षेतून सूट मिळाली नाही, आणि 'बाकी सगळं समान' कधी असतं हे ठरवणारा मालकच. २०१४च्या दुरुस्तीने प्रत्येक आस्थापनेने भरतीचं स्वतःचं धोरण ठरवावं असं सांगितलं. धोरणात किती जागा हव्यात, यावर कायदा गप्प आहे.

विद्यावेतन एके काळी अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या ७० ते ९० टक्के असायचं. २०१९मध्ये ही सांगड तुटली आणि ठोक रकमा आल्या: महिना किमान ५,००० ते ९,०००, आयटीआय झालेल्याला ७,०००.

करार संपला की दुसऱ्या दिवसापासून किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) सगळं लागू होतं, फक्त ते कोणाच्या पटावर हा प्रश्न उरतो. चाकण-वाळूजकडे फिटरचं प्रमाणपत्र हातात असलेला मुलगा त्याच गेटमधून ठेकेदाराचा बिल्ला लावून आत जातो. पगारपत्रकात त्याच्या नावापुढे 'कुशल' नसतं, 'हेल्पर' असतं.