आधी व्होल्ट मोजा, मग चोरटी हवा शोधा

सेल्फ मारल्यावर गाडी कुरकुरते, सुरू झाली तरी आयडलिंगला (उभ्या जागी, रेस न देता) थरथरते. अशा वेळी बरेच जण आधी बॅटरी बदलून मोकळे होतात. ती खरंच गेली आहे का, हे साधा मल्टिमीटर काही मिनिटांत सांगतो.

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. आता इंजिन सुरू करा. आकडा १३.८ ते १४.५ वर चढला, तर चार्जिंग होतंय. (काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी करतात, हेडलाइट लावून पुन्हा बघा.)

आकडा चढलाच नाही, तरी लगेच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, दोष देऊ नका. आधी त्याला फिरवणारा पट्टा ढिला आहे का बघा. मग इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर टेकवा. ०.३ व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर वीज वाटेतच, बहुधा गंजलेल्या जोडणीत, अडते आहे. अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूनेही असंच तपासा. मला ही चाचणी सगळ्यात मोलाची वाटते, आणि तीच सर्रास वगळली जाते. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी रीत मात्र सोडाच. व्होल्टेज एकदम उसळून गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

थरथरीचं दुसरं कारण हवेची गळती असू शकतं. पण व्होल्ट कमी असले तर इंधन फवारणारे इंजेक्टरही मंदावतात, म्हणून ती नंतर शोधायची. पेट्रोल इंजिनात आयडलिंगला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत राहतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या निम्म्याहूनही कमी होतो. एखादी नळी चिरली, की तिथून न मोजलेली हवा आत घुसते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), आरपीएम वरखाली होतो. रेस दिल्यावर हीच थरथर कमी झाली, तर गळतीचा संशय बळावतो, कारण एकूण हवेत तेवढी चोरटी हवा नगण्य ठरते.

शोधताना रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा, दुसरं जोडांवरून फिरवा. फुसफुस ऐकू येईल. पट्टा आणि पंख्यापासून हात, कपडे दूर ठेवा. गळती शोधायला कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) फवारू नका, तापलेल्या एक्झॉस्टवर तो पेट घेऊ शकतो. आणि ब्रेकचं पेडल जड लागत असेल, तर गळती ब्रेक बूस्टरची (पेडल दाबायला मदत करणाऱ्या भागाची) असू शकते. अशी गाडी चालवू नका, मेकॅनिकलाच बोलवा.