तबकडीची ओढ : विनाईल रेकॉर्ड आणि सीडी

विनाईल रेकॉर्ड म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकची गोल चकती. जुनी माणसं तिला तबकडी म्हणायची, छापील मराठीत ध्वनिमुद्रिका, घरात मात्र सगळे रेकॉर्डच म्हणतात. तिच्या प्रत्येक बाजूला बाहेरून आत गोल गोल जाणारी एकच लांब खाच असते आणि त्या खाचेच्या भिंतींवर आवाज कोरलेला असतो. सीडी तिच्यामागून आली, आकाराने निम्म्याहून लहान, खरखर नाही, उलटायची भानगड नाही. सीडी आल्यावर रेकॉर्डचा खेळ संपला असं सगळ्यांनीच धरलं होतं आणि बरीच वर्षं ते खरंही होतं, पण २०२२ साली अमेरिकेत सीडीपेक्षा विनाईलचे नग जास्त विकले गेले, साधारण ४ कोटी १० लाख रेकॉर्ड्स आणि ३ कोटी ३० लाख सीड्या, आणि हे १९८७ नंतर पहिल्यांदाच झालं. मोजमापात जी वस्तू जवळपास सगळीकडे हरते तिच्याकडे माणसं परत का वळली हे समजायचं तर आधी दोन्ही वाजतात कशा ते बघावं लागतं, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

लाखेपासून विनाईलपर्यंत

विनाईलच्या आधीच्या रेकॉर्ड्स लाखेच्या असायच्या. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर किडे लाख बनवतात आणि जगाला ती मुख्यतः भारतातूनच जायची. या रेकॉर्ड्स मिनिटाला ७८ फेरे घ्यायच्या, हातातून सुटल्या की फुटायच्या, आणि एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, आणि गाणं संपताना ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची कारण रेकॉर्ड छापायला थेट जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथल्या लोकांना कळायला हवं होतं की हे कोणाचं. १९०८ पासून कलकत्त्यातच कारखाना सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं आपल्या गवयांनी अख्खा राग त्या तीन मिनिटांत बसवला, आलाप, बंदिश, ताना सगळं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं किंवा बालगंधर्वांचं जे गाणं आज आपल्या कानावर येतं ते बहुतेक असं आवळून बांधलेलं आहे.

जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कला एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, आणली, १२ इंची, मिनिटाला ३३⅓ फेरे, खाच खूप बारीक, आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. पुढच्याच वर्षी आरसीए या कंपनीने ७ इंची, ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड काढली, पण आपल्या संगीतासाठी मोठी गोष्ट एलपी होती. १९५५ मध्ये अमेरिकेत अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदची एलपी निघाली, एका बाजूला एकच राग, सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिनने श्रोत्यांना करून दिलेली ओळख. त्यानंतर ख्यालालाही पाय पसरायला जागा मिळाली. वीस मिनिटं म्हणजे मैफल नव्हे हे खरं, पण विलंबित सुरू होऊन द्रुतापर्यंत यायला तेवढी पुरतात आणि त्या वीस मिनिटांची मांडणी करायचं एक वेगळंच कसब त्या पिढीने कमावलं.

सुई काय करते, लेसर काय करतो

एलपीच्या एका बाजूची खाच सरळ ताणली तर चारशे मीटरच्या वर भरते. तिची एक भिंत डाव्या चॅनेलची, दुसरी उजव्या, आणि हिऱ्याचं टोक असलेली सुई दीड-दोन ग्रॅमच्या दाबाने त्या दोन भिंतींमधून घासत जाते, थरथरते, ती थरथर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई जिच्यात बसवलेली असते त्या छोट्या डबीत, विजेचा अगदी क्षीण सिग्नल बनते. खर्जाचे सूर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की बाजूवर दहा मिनिटंही मावणार नाहीत, म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर चढवतात, आणि वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, बरोबर त्याच्या उलट करतो. याचं प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरलं ते आजही तेच आहे. नवीन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आणून तो थेट अँपच्या साध्या इनपुटला लावणाऱ्यांची पहिली तक्रार असते की आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, तो याचमुळे, टर्नटेबल बिघडलेला नसतो.

सीडी बनवली फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ती जपानमध्ये पहिल्यांदा विकायला आली. तिच्यात आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून १६ बिटच्या आकड्यांत लिहिलेला असतो, ते आकडे म्हणजे पाच किलोमीटरहून लांब गुंडाळलेल्या रेषेवरचे सूक्ष्म खड्डे, आणि लेसर ते स्पर्श न करता वाचतो. गंमत म्हणजे सीडी आतून बाहेर वाचली जाते, रेकॉर्ड बाहेरून आत. आणि सीडीवर एखाद-दोन मिलिमीटरचा ओरखडा असला तरी आकड्यांमध्येच दुरुस्तीची सोय असल्यामुळे ऐकू काहीच येत नाही, रेकॉर्डवर तोच ओरखडा दर फेऱ्याला टक्, टक् करत राहतो.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहितो कारण ती वर्षानुवर्षं चुकीची सांगितली जाते. डिजिटल, म्हणजे सीडीसारखा आकड्यांत लिहिलेला, आवाज पायऱ्या-पायऱ्यांचा असतो, मधला भाग गायब असतो, आणि रेकॉर्डवर पूर्ण लहर असते, असं चित्र काढून दाखवतात. हे खरं नाही. माणसाच्या कानाची वरची मर्यादा साधारण २० हजार हर्ट्झ, आणि तिथपर्यंतची लहर सीडीच्या आकड्यांमधून अखंड परत उभी राहते, प्लेअरमधून बाहेर येणारा सिग्नल गुळगुळीतच असतो. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर सीडीत सुमारे ९६ डेसिबल, रेकॉर्डवर चांगल्यात चांगल्या छपाईला ७० च्या आसपास. डावं-उजवं वेगळं ठेवणं, वेग स्थिर ठेवणं, पार्श्वभूमी शांत ठेवणं, सगळ्यात सीडी पुढे. खोल खर्ज रेकॉर्डवर डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलना सारखाच ठेवावा लागतो नाहीतर सुई उडायची भीती.

रेकॉर्डची सगळ्यात मोठी अडचण तिच्या गोलपणातच आहे. फेरे कायम ३३⅓ च, पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान, त्यामुळे बाजूच्या सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच जाते आणि शेवटच्या गाण्याला येईपर्यंत वीस-बावीस सेंटीमीटरच. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा म्हटल्यावर वरचे सूर चुरगळतात, गायकाचे स आणि श फिसकटतात, तंबोऱ्याची जवारी जरा बोथट होते. सीडी हे टाळते, लेसर बाहेर जाईल तसा तिचा फिरण्याचा वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांवरून २०० पर्यंत उतरतो.

मग रेकॉर्ड गोड का लागते

याचं पहिलं उत्तर चकतीत नाहीच, मास्टरिंगमध्ये आहे, म्हणजे छपाईआधी आवाजाला शेवटचा हात फिरवतात त्यात. नव्वदीपासून सीडीवर गाणी जास्तीत जास्त जोरात भरायची चढाओढ लागली, हळू भाग वर उचलायचा, मोठा भाग छताला टेकवायचा, सगळं एकाच उंचीचं. सीडीत ९६ डेसिबलची जागा असून वापरायची आठ-दहा. २००८ मध्ये मेटॅलिका बँडचा अल्बम आला तेव्हा चाहत्यांनीच पकडलं की गिटार हिरो या व्हिडिओ गेममध्ये घातलेली तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी आणि स्वच्छ वाजतायत. रेकॉर्डवर इतका दाबलेला आवाज कोरणं अवघड असतं, बाजूची मिनिटं कमी होतात, म्हणून बऱ्याचदा, नेहमी नव्हे, रेकॉर्डसाठी वेगळं आणि जरा सबुरीचं मास्टरिंग होतं. लोकांना विनाईल म्हणून जे आवडतं ते पुष्कळदा हे असतं. उलट सीडीच्या पहिल्या वर्षांत रेकॉर्डसाठी तयार केलेल्या टेप तशाच सीडीवर उतरवल्या गेल्या आणि त्या कर्कश वाजल्या, सीडीचं नाव तिथेच खराब झालं.

दुसरं, सुई स्वतः आवाजात थोडी भर घालते. थोडी विकृती, स्पीकरच्या कंपनाची थोडी परत आलेली थरथर, वरच्या सुरांना थोडी गोलाई. याला लोक उबदार किंवा भरीव म्हणतात आणि ते काही मनाचे खेळ नाहीत, खरंच ऐकू येतं. फक्त ते मूळ आवाजाच्या जास्त जवळ आहे असं म्हणता येत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये मोबाईल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या इंजिनियरांनी मान्य केलं की मूळ टेपवरून केलेल्या म्हणून नावाजलेल्या त्यांच्या महागड्या एलपींमध्ये कित्येक वर्षं मध्ये एक डिजिटल टप्पा होता. त्याच रेकॉर्ड्स अॅनालॉग, म्हणजे कुठेच आकड्यांत न बदललेल्या, आवाजाचा नमुना म्हणून रसिक एकमेकांना ऐकवत होते. लोक चिडले आणि फसवणुकीबद्दल चिडणं रास्तच होतं, पण आवाज तर त्यांना मनापासून आवडला होता, म्हणजे डिजिटलमुळे आवाज मरतो हा दावा तिथे टिकत नाही.

माझ्या मते खरी ओढ तिसऱ्याच गोष्टीची आहे. रेकॉर्ड ऐकायला बसावं लागतं. कव्हरमधून आतलं पाकीट काढायचं, तळव्याने कडा आणि बोटांनी मधलं लेबल धरायचं, खाचेला बोट लावायचं नाही, ब्रशने धूळ ओढायची, लिव्हर सोडला की टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, सावकाश खाली येतो आणि सूर लागायच्या आधी एक-दोन सेकंद नुसती बारीक चरचर. मग वीस मिनिटं. गाणं पुढे ढकलायचं तर उठून हाताने सुई उचलावी लागते आणि तेवढ्यासाठी कोणी उठत नाही, म्हणून न आवडलेलं गाणंही ऐकलं जातं आणि चौथ्या-पाचव्या वेळेला तेच आवडायला लागतं. सीडीच्या रिमोटने ही सवय मोडली. शिवाय फूटभर रुंदीचं कव्हर, त्याच्या मागे रागाचं नाव, ताल, तबल्याला कोण, पेटीला कोण, हे चष्मा न लावता वाचता येतं, सीडीच्या आतल्या कागदावर तेच मुंगीएवढं. लेबलाच्या भोवती जी रिकामी गुळगुळीत पट्टी असते ती दिव्याखाली तिरकी धरली की त्यात कोरलेला किंवा ठोकलेला मॅट्रिक्स नंबर दिसतो, कधी कोरणाऱ्याची सही किंवा एखादा शब्दही, आणि त्यावरून ही छपाई पहिली की नंतरची ते संग्राहक ओळखतात.

आपल्याकडे

भारतात रेकॉर्डला सीडीने मारलं नाही, कॅसेटने मारलं. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट गावोगाव पोचल्या, टर्नटेबल माळ्यावर गेले, आणि सीडी आली तेव्हा ती महाग म्हणून मोजक्या घरांत. म्हणून आपल्या बऱ्याच घरांत रेकॉर्डच्या आठवणीसमोर सीडी नसते, ताणलेल्या फितीची कॅसेट असते, आणि त्या तुलनेत रेकॉर्ड राजासारखीच वाजणार. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, जुन्या रेकॉर्ड्ससाठी लोक अजूनही चोर बाजारात मटण स्ट्रीटला जातात. ७८ च्या रेकॉर्ड्स जपणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्थाही १९९० मध्ये मुंबईतच सुरू झाली.

पण शास्त्रीय संगीताच्या बाबतीत सीडीवर अन्याय करू नये. तासाभराचा एक राग सलग ऐकायचा तर ७४ मिनिटांची सीडीच हवी, एलपीवर ऐन बढत चालू असताना बाजू संपते, रंग मोडतो. मात्र जे गाणं मुळात एलपीच्या बाजूसाठीच गायलं गेलं त्याचं उलट आहे. पहिल्या बाजूचा राग संपला, रेकॉर्ड उलटली, तेवढ्यात कान मोकळे झाले, मग दुसरा राग. सीडीवर तेच दोन राग चार सेकंदांच्या अंतराने एकमेकांच्या अंगावर येतात.

कोकण-मुंबईच्या हवेत पावसाळ्यात कव्हरला पांढरी बुरशी धरते, त्यामुळे रेकॉर्ड्स भिंतीला चिकटवून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचल्या की वाकतात, आणि उन्हात गाडीत विसरल्या तर तासाभरात लाटांसारख्या होतात. धुवायला डिस्टिल्ड वॉटर वापरावं, नळाच्या पाण्याचे क्षार खाचेत बसतात. जुनी रेकॉर्ड घेताना वरून चकचकीत आहे एवढ्यावर जाऊ नका, बोथट सुईने खाल्लेली रेकॉर्डही चकचकीत दिसू शकते. दुकानात वाजवून दाखवत असतील तर बाजूचं पहिलं गाणं नको, शेवटचं लावायला सांगा, सगळ्यात आधी तेच झिजतं.